गिअरबॉक्स कुणाच्या माथी?



गाडी चाळीसेक हजार किलोमीटर पळालेली, वॉरंटी नुकतीच संपलेली, आणि तिसरा गिअर आपोआप सुटायला लागतो. सर्व्हिस सेंटरमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, "साहेब, तुम्ही हाफ क्लचवर चालवता."

हाफ क्लचनं क्लचप्लेट जळते, हे खरं. पण गिअरबॉक्समधल्या बेअरिंगला त्यानं खड्डे पडत नाहीत. ऑइल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर लोखंडाचा थोडा कीस असायचाच. कपचे निघाले किंवा ऑइलमध्ये पितळी चमक दिसली, तर तिथल्या तिथे फोटो काढा. ती चमक बहुधा सिंक्रोनायझर रिंग झिजल्याची. दुरुस्तीचे पैसे तुम्ही मोजत असाल तर काढलेले जुने भाग मागून घ्या. ते भंगारात गेले की तज्ज्ञ तपासणार काय? जॉबकार्डावर तक्रार तुमच्याच शब्दांत लिहायला लावा. 'जनरल चेकअप' एवढंच लिहिलेल्या कागदाला ग्राहक आयोगापुढे काडीची किंमत नाही.

चालकावर खापर फोडायची ही रीत काही आपलीच नव्हे. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या गाड्या थरथरायच्या, तेव्हा तिथल्या ग्राहकांनाही 'तुमची चालवण्याची पद्धत' हेच ऐकवलं गेलं. 2018 साली तिथल्या फेडरल कोर्टानं कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

आपल्याकडे 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. पण त्यात एक मेख आहे: खुद्द वस्तूचं झालेलं नुकसान त्या प्रकरणात धरलेलंच नाही. गिअरबॉक्स फुटून अपघात झाला, कुणी जखमी झालं, तर ते कामाचं. नुसता गिअरबॉक्स गेला असेल, तर 'सदोष माल' म्हणूनच तक्रार करायची. मागणीही बेतानं करा. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्याचीच हमी असेल, तर अख्खी नवी गाडी मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली मारुतीच्या खटल्यात म्हटलं आहे.

विक्रेता आणि कंपनी, दोघांनाही प्रतिवादी करा आणि कंपनीचा दोष नेमका काय ते अर्जात स्पष्ट मांडा. गोव्यातल्या एका ग्राहकाला विक्रेत्यानं 2011ची म्हणून 2009ची गाडी गळ्यात मारली होती. त्या व्यवहारात कंपनीचा हात किंवा तिला माहिती असल्याचं दिसलं नाही, म्हणून 2021 साली सर्वोच्च न्यायालयात कंपनी सुटली.

दोष उघड्या डोळ्यांना दिसणारा नसेल, तर आयोग तो भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. फी आधी तक्रारदारानं भरायची. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. गाडीची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. आणि कंपनीचं मुख्यालय चेन्नईत असो की गुरुग्रामला, तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते. तारखेला त्यांच्या वकिलानं तिथे यायचं.