मनोविकारतज्ज्ञांकडे प्रथम जाताना

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात चिखली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी डॉक्टर नव्हे. माझा उभा जन्म शाळेत गणित शिकविण्यात गेला. तेव्हा मधुमेह व रक्तदाब हे विषय जाणत्यांवर सोपवून, ज्या दुखण्याविषयी आपल्या घरांत दार लावून बोलले जाते त्याविषयी, केवळ एका रोग्याचा धाकटा भाऊ या नात्याने, मी बोलणार आहे. थोरल्या बंधूंची अनुमती घेऊनच बोलत आहे.

१९८३ साली आमचे भाऊ सव्वीस वर्षांचे होते. त्यांची झोप उडाली. शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे ते म्हणू लागले आणि रात्ररात्र अंगणात येरझारा घालू लागले. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे; कोणी म्हणाले, लग्न करून द्या, ताळ्यावर येईल. पिंपळगाव सराईचे सैलानीबाबांचे स्थान आपल्याच जिल्ह्यातले. होळीच्या सुमारास तेथील यात्रेत सर्व धर्मांचे लोक आपापल्या दुखणाईतांना घेऊन दूरदूरच्या मुलुखांतून येतात, नारळांची होळी पेटते. आम्हीही तीन वेळा गेलो. त्या स्थानाला मी तिळमात्र दोष देत नाही. तेथे माझ्या आईला तिच्यासारख्याच दहा आया भेटल्या, आणि इतक्या दिवसांत प्रथमच ती कोणाजवळ मोकळेपणाने रडली. चूक आमची इतकीच की, दर्ग्यावर गेलो तसे दवाखान्यातही जावे हे आम्हांला सुचले नाही. वस्तुतः या दोहोंत वैर असण्याचे कारण नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्याच्या आवारातच २००८ च्या सुमारास ‘दवा आणि दुवा’ या नावाने मनोविकारतज्ज्ञ रोगी तपासू लागले. उलट तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खाजगी निवासाला आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेली पंचवीसहून अधिक माणसे होरपळून मेली.

परंतु आम्ही चार वर्षे दवडली त्याचे खरे कारण अज्ञान नव्हते. धाकट्या बहिणीचे स्थळ जुळत आले होते. घरात वेड आहे असा बोभाटा झाला तर सोयरीक मोडेल, या धास्तीने लग्नाच्या दिवसांत भाऊंना मामांच्या मळ्यातील खोलीत ठेवले, आणि पाहुण्यांना सांगितले की ते परीक्षेस गेले आहेत. हा बोभाटा करणारे लोक परके नव्हते. ते आपणच होतो. मंडळाचे कार्यकर्ते रागावणार नाहीत असे समजून हे बोलून टाकतो.

१९८७ साली एस. टी.ने नागपूर गाठले. तेथे मनोविकारतज्ज्ञ म्हणजे थेट वेड्यांच्या इस्पितळात भरती, अशी आमची समजूत. १८६४ पासून चालत आलेले ते इस्पितळ आपल्या विदर्भाच्या मनात भयाचे घर करून बसले आहे. पण तसे काही घडले नाही. बहुसंख्य रोगी बाहेरच्या बाहेर तपासून, औषध देऊन घरी पाठविले जातात. डॉक्टरांनी प्रथम झोप, भूक, कामधंदा, व्यसन यांविषयी विचारले. घराण्यात पूर्वी कोणास असे झाले होते काय, डोक्यास मार लागला होता काय, हेही विचारले. नंतर आम्हां सर्वांना बाहेर बसवून ते भाऊंशी एकटेच बोलले. परतताना भाऊ म्हणाले, “चार वर्षे तुम्ही सगळे माझ्याविषयी बोलत होता, माझ्याशी आज कोणी पहिल्यांदा बोलले.”

म्हणून प्रथम जाणाऱ्यास माझे सांगणे असे की, पहिली भेट थोडी लांबते, घाईने जाऊ नये. यापूर्वी घेतलेल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या व रिकामी वेष्टनेही बरोबर न्यावी. वैदूचे चूर्ण घेत असल्यास तेही सांगावे. दारू-गांजा लपवू नये. डॉक्टर रक्त तपासावयास सांगतात तेव्हा नवल वाटू नये, कारण थायरॉईडच्या बिघाडानेही मन खचते. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाचा पदवीधर असून औषध देतो. मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक बोलण्याच्या मार्गाने उपचार करतात. कित्येकांना दोहोंची गरज लागते. जीव द्यावासा वाटतो काय, असा प्रश्न डॉक्टर हमखास विचारतात. त्याने भलता विचार मनात शिरत नाही. असलेला बाहेर पडतो. आपल्या जिल्ह्याला तरी या प्रश्नाचे महत्त्व सांगावयास नको. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळेच शासनाला २०१५ साली विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ काढावा लागला.

औषधांविषयी अधिक बोलले पाहिजे, कारण तेथेच आम्ही ठेचाळलो. ही सगळी औषधे झोपेची नव्हेत, आणि बहुतेकांची सवय जडत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र जडते, म्हणून त्या सांगितल्या तितकेच दिवस घ्याव्या. उदासीनतेवरील औषधाचा गुण दिसावयास दोन ते चार आठवडे लागतात. तोंडाला कोरड, सुस्ती, वजन वाढणे, हात कापणे असे त्रास झाले तर डॉक्टरांना सांगावे. ते मात्रा वा औषध बदलतात. आपल्या मनाने बंद करू नये. आम्ही “आता बरे आहे” म्हणून दोनदा बंद केले, आणि दोन्ही वेळा काही महिन्यांतच अंगणातल्या येरझारा पुन्हा सुरू झाल्या.

कायद्याचा आधारही माहीत असावा. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘वेडे’ हा शब्द होता. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २०१८ साली अमलात आला, त्याने रोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला, साखळीने बांधण्यास बंदी केली, आणि भूल दिल्यावाचून विजेचा उपचार करण्यास मनाई केली.

राहिला विवाहाचा प्रश्न. १९५५ चा हिंदू विवाह कायदा मनोविकार असलेल्या प्रत्येकास विवाहास अपात्र ठरवीत नाही. विवाहास व संततीस अयोग्य ठरेल इतक्या तीव्र विकाराची तेथे बाधा आहे. अपस्माराचा उल्लेख तर १९९९ साली त्यातून काढूनच टाकला. मात्र महत्त्वाची गोष्ट लपवून केलेला विवाह न्यायालयात रद्द ठरू शकतो. तेव्हा उपचार चालू असल्याचे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी आधीच समोरासमोर बोलावे. आमच्या बहिणीच्या सासरी पुढे सर्व कळले. तिचे सासरे एवढेच म्हणाले की, आधी सांगितले असते तर आपण स्वतः त्यांना मळ्यातून मांडवात आणले असते.

आज नागपूर गाठण्याची गरज नाही. बुलढाण्याच्या शासकीय रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी होते. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही सोय आहे. आणि रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ हा १४४१६ क्रमांक अहोरात्र, विनामूल्य, मराठीतही चालतो. तो वहीत टिपून घ्यावा.

भाऊ आता सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. शेताचा हिशेब तेच ठेवतात, रात्रीची गोळीही स्वतःच घेतात. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत. ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी भोजनानंतर त्यांनाच विचारावे. ते माझ्यापेक्षा नीट सांगतील.