भेट झाली, नोंद कुठे आहे?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली कितीतरी महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. नवं महाविद्यालय काढायचं, तर अर्ज आधी विद्यापीठाकडे जातो... परवानगी राज्य सरकार देतं. विद्यापीठाच्या अधिसभेत संस्थाचालकांचे प्रतिनिधीही बसतात. म्हणजे मागणारे आणि ठरवणारे एकमेकांना ओळखतात. म्हणूनच त्यांच्या भेटींची नोंद हवी, आणि ती जाहीर हवी.

कुणी म्हणेल, माहितीचा अधिकार आहेच की! आहे, २००५पासून. त्याचं कलम ४ तर न मागताही माहिती द्यायला सांगतं. पण जे लिहिलंच नाही... ते मिळणार कसं? अमेरिकेत १९९५चा कायदा सरकारी निर्णयांवर प्रभाव टाकण्याच्या प्रयत्नांचा खर्च जाहीर करायला लावतो. आपल्याकडे तसा कायदा नाही. भेटायला मनाई नकोच. कोण भेटलं, कशासाठी भेटलं... एवढी नोंद जाहीर हवी.