नळीतल्या पेशी आणि गुडघ्यातली गादी

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोललेलं बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

नातेपुत्यातून मी बोलतोय. तुम्ही एसटीत असाल, उसाला पाणी धरलं असेल, नाहीतर पुण्यात रूमवर भांडी घासत असाल. जिथं असाल तिथं हेडफोन नीट घाला, कारण आजचा विषय थोडा सावकाश ऐकायचा आहे.

विषय असा: आपल्या हाडाच्या आत ज्या मूळपेशी असतात, म्हणजे स्टेम सेल, त्यांचं हाड कसं होतं आणि कूर्चा कशी होते. कूर्चा म्हणजे सांध्यातली गुळगुळीत गादी. आता तुम्ही म्हणाल, हे दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं कशाला? कारण सोपं आहे. ‘स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, गुडघा नवा करा’ अशी जाहिरात आता आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायला लागलीय. त्यात घरातल्यांच्या गुडघ्याचा प्रश्न आहे आणि लाखांचा प्रश्न आहे. म्हणून आधी गोष्ट समजून घेऊ, मग जाहिरात वाचू.

नळीपासून सुरुवात

मटण खाणाऱ्यांना नळी माहितीय. नळी फोडून आतलं चोखतो, तोच बोन मॅरो. आपल्या भाषेत अस्थिमज्जा. मांडीच्या हाडाच्या दांड्यातला मॅरो मोठेपणी बहुतेक पिवळा असतो, म्हणजे चरबीच. कमरेचं हाड, छातीचं हाड, मणके यांच्यातला मॅरो मात्र लाल राहतो. तिथं रात्रंदिवस रक्त तयार होत असतं. म्हणून डॉक्टर मॅरो काढतात तेव्हा सुई कमरेच्या हाडात घालतात.

या मॅरोत दोन प्रकारच्या मूळपेशी राहतात. एक रक्त बनवणाऱ्या. ब्लड कॅन्सरमध्ये बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात ते यांच्यासाठी. आणि दुसऱ्या, संख्येनं फार थोड्या, ज्यांच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबी बनू शकते. यांना मेसेन्कायमल स्टेम सेल म्हणतात. थोड्या म्हणजे किती? सुईनं काढलेल्या मॅरोतल्या दहा हजार ते एक लाख पेशींमागे साधारण एक. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

या पेशींचा शोध मॉस्कोत लागला. अलेक्झांडर फ्रिडेनश्टाइन नावाच्या शास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात प्राण्यांच्या शरीरात मॅरो त्याच्या मूळ जागेपासून लांब नेऊन ठेवला, तर तिथंही हाड तयार झालं! म्हणजे हाड बनवायची कला त्या मॅरोतच होती. पुढं त्यानं दाखवलं की मॅरोतल्या काही पेशी प्लॅस्टिकच्या बशीला चिकटतात आणि एकेका पेशीपासून वसाहत वाढते. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या अर्नोल्ड कॅप्लान यांनी त्यांना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव दिलं. आणि १९९९ मध्ये बाल्टिमोरच्या गटानं माणसाच्या मॅरोतल्या याच पेशींपासून बशीत हाड, कूर्चा आणि चरबी असं तिन्ही करून दाखवलं.

पेशीला कळतं कसं?

आता खरी गंमत. पेशी एकच, मग तिनं हाड व्हायचं का कूर्चा, हे ठरवतं कोण?

प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतातच. फरक पडतो तो कुठली चालू आणि कुठली बंद यानं. हाडाकडं जाणाऱ्या वाटेवर मुख्य बटण आहे रनएक्स-टू नावाचं जनुक. कूर्चाकडं जाणाऱ्या वाटेवर सॉक्स-नाइन. आणि ही बटणं दाबते आजूबाजूची परिस्थिती.

पहिली गोष्ट, रसायनं. प्रयोगशाळेत हाड हवं असेल तर पेशींना डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड अगदी कणभर, क जीवनसत्त्व आणि फॉस्फेट देणारं एक संयुग देतात. दोन-तीन आठवड्यांनी बशीत कॅल्शियम साठायला लागतं. एक लाल रंग टाकला की ते कॅल्शियम डोळ्यांना दिसतं. कूर्चा हवी असेल तर टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन देतात.

दुसरी गोष्ट, दाटी आणि हवा. कूर्चा करायची तर पेशी बशीत पसरून ठेवून भागत नाही. त्यांचा गच्च गोळा करावा लागतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळं कमी ऑक्सिजन तिला चालतो. हाडाला मात्र भरपूर रक्तपुरवठा लागतो.

तिसरी गोष्ट, पायाखालची जमीन! २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डेनिस डिशर यांच्या गटानं या पेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. अगदी मऊ जेलवर त्या मज्जातंतूच्या पेशींसारख्या दिसायला लागल्या, मध्यम जेलवर स्नायूसारख्या आणि कडक जेलवर हाडासारख्या. काळ्या रानात एक पीक आणि मुरमाड रानात दुसरं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. इथं मात्र बी एकच आहे, हे विशेष.

प्लास्टर कशासाठी?

हे सगळं बशीतलं झालं. शरीरात ही फॅक्टरी चालू होते ती हाड मोडल्यावर. गाडीवरून पडलात, नडगीचं हाड मोडलं, की आधी तिथं रक्ताची गाठ होते. मग हाडावरच्या पातळ आवरणातून आणि आतल्या मॅरोतून पेशी कामाला लागतात. जिथं हालचाल जास्त आणि रक्त कमी, तिथं त्या आधी कूर्चा बनवतात. दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड तयार होतो. मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात, कूर्चेची जागा हाड घेतं आणि पुढच्या काही आठवड्यांत जोड कडक होतो. त्याला नीट आकार यायला मग महिने, कधी वर्षं लागतात.

आता कळलं, प्लास्टर किंवा रॉड कशासाठी असतो? हाड चिकटवायला नाही. चिकटवायचं काम पेशीच करतात. प्लास्टर त्यांना शांतता देतं. थोडीशी हालचाल चालते, पण मोडलेला भाग सारखा हलत राहिला तर जोड मऊचा मऊच राहतो, हाड होतच नाही. म्हणून मोडलेलं हाड दर चार दिवसांनी कुणाकडून चोळून घेऊ नका, मग तो हाडवैद्य कितीही नावाजलेला असो. आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचं हाड उशिरा जुळतं, हेही खरं. जोडाला रक्त लागतं आणि धूर रक्तवाहिन्या आवळतो.

कूर्चा म्हणजे मुक्काम

इथंच गुडघ्याची अडचण आहे. नीट ऐका.

दरवर्षी माउलींची पालखी आपल्या नातेपुत्यात मुक्कामाला असते. एक रात्र थांबते आणि सकाळी माळशिरसच्या वाटेला लागते. मॅरोतल्या पेशींच्या दृष्टीनं कूर्चा हा तसाच मुक्काम आहे. लहान मुलाची उंची वाढते तेव्हाही तेच होतं: हाडाच्या टोकाशी कूर्चा तयार होते, फुगते आणि तिचं हाड होतं. मोडलेलं हाड जुळताना तेच. पेशीला सवयच ती, कूर्चेवरून पुढं हाडाकडं जायची.

गुडघ्यात मात्र आपल्याला पालखी कायमची मुक्कामालाच हवी असते! तिथली गादी आयुष्यभर गादीच राहायला हवी. प्रयोगशाळेत मॅरोच्या पेशींपासून बनवलेली कूर्चा बऱ्याचदा फुगायला लागते आणि हाडाच्या वाटेनं निघते. तिला तिथंच थांबवायचं कसं, यावर जगभर काम चालू आहे. म्हणून ‘हाड बनवणं’ आणि ‘गादी परत आणणं’ ही दोन कामं एकसारखी अवघड नाहीत. जाहिरात नेमका हाच फरक गिळते.

लोणावळ्याचं काम

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. लोणावळ्यात एका कंपनीची पेशी वाढवायची प्रयोगशाळा आहे. आज तिचं नाव रिग्रो बायोसायन्सेस. २०१७ मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी तिच्या दोन उपचारांना मान्यता दिली.

पहिला उपचार खुब्यासाठी. मांडीच्या हाडाचा वरचा गोल माथा खुब्यात बसतो. त्याचा रक्तपुरवठा तुटला की ते हाड मरायला लागतं. याला एव्हीएन म्हणतात. जास्त दारू आणि जास्त दिवस स्टेरॉइड ही त्याची मोठी कारणं. कोविडनंतर, २०२१ मध्ये, मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी असे तीन रुग्ण नोंदवले होते, तिघंही चाळिशीच्या आतले. बघा कसं आहे, जे स्टेरॉइड बशीत कणभर दिलं की हाड बनतं, तेच शरीरात भरमसाट गेलं तर हाड मारतं. या उपचारात रुग्णाच्याच कमरेतून मॅरो काढतात, प्रयोगशाळेत काही आठवडे ठेवून त्यातून हाड बनवणाऱ्या पेशी वाढवतात आणि ऑपरेशन करून मेलेल्या भागात सोडतात. पण हे माथा खचायच्या आधी, सुरुवातीच्या टप्प्यात. खचला की मग सांधाच बदलावा लागतो.

दुसरा उपचार कूर्चेसाठी. आणि तिथं मॅरो वापरतच नाहीत! रुग्णाच्या सांध्यातला निरोगी कूर्चेचा लहानसा तुकडा घेतात, त्यातल्याच पेशी वाढवतात आणि खड्डा पडलेल्या जागी भरतात. का, ते आता तुम्हीच सांगाल. कूर्चेच्या पेशीला कूर्चा राहणं आधीच माहिती असतं. हा उपचारही एखाद्या ठिकाणी पडलेल्या खड्ड्यासाठी आहे, सगळी गादी झिजलेल्या म्हाताऱ्या गुडघ्यासाठी नाही.

मग त्या इंजेक्शनचं काय?

आता आलेला मेसेज सांगतो, नाव नाही सांगणार. ‘दादा, आईचे दोन्ही गुडघे गेलेत. एका शिबिरात म्हणाले, कमरेतला मॅरो काढून अर्ध्या तासात गुडघ्यात सोडतो, गादी परत येते. अडीच लाख सांगितलेत. उसाचं बिल आलंय. करू का?’

भावा, हिशोब कर. अर्ध्या तासात पेशी वाढत नाहीत. दहा हजार ते लाखात एक असलेली पेशी तशीच्या तशी सोडली, तर गुडघ्यात बहुतेक रक्ताच्या पेशीच जातात. २०२३ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. चारशेहून जास्त लोक होते. मॅरोचं इंजेक्शन, चरबीतल्या पेशींचं इंजेक्शन, नाळेतल्या पेशींचं इंजेक्शन आणि साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन, अशी तुलना केली. वर्षभरानंतर पेशींचं कुठलंच इंजेक्शन साध्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. एमआरआयमध्ये गादीही वाढलेली दिसली नाही.

दुसरी बाजूही सांगतो. २०२२ मध्ये आपल्या देशात गुडघ्यासाठी एका तयार पेशींच्या औषधाला मान्यता मिळाली. बंगळूरची स्टेम्प्यूटिक्स ते बनवते, मुंबईची अल्केम विकते. निरोगी दात्यांच्या मॅरोतल्या पेशी नीट वाढवून, तपासून बनवलेलं आहे. १४६ रुग्णांवरच्या चाचणीत वर्षभरात दुखणं कमी झालं आणि गादीची झीज थांबल्यासारखी दिसली. पण ते दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या झिजेसाठी आहे, पूर्ण घासलेल्या गुडघ्यासाठी नाही. शास्त्रज्ञांना वाटतं की या पेशी स्वतः गादी बनतात असं कमी आणि सूज उतरवणारी रसायनं सोडतात असं जास्त. खुद्द कॅप्लान यांनीच २०१७ मध्ये म्हटलं की या पेशींना आता ‘स्टेम सेल’ म्हणणं बंद करा!

म्हणून पैसे भरायच्या आधी चार प्रश्न विचारा. एक, हा उपचार औषध नियंत्रकांनी मान्य केलाय का? कागद दाखवा. दोन, चाचणी चालू आहे म्हणता, तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक द्या, मोबाइलवर शोधता येतो. तीन, चाचणी असेल तर पैसे कसले? आयसीएमआरचे २०१७ चे नियम सांगतात की चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. आणि रक्ताचे आजार सोडले, तर मान्यता नसलेला स्टेम सेल उपचार चाचणीबाहेर विकणं चुकीचं आहे. चार, आईची झीज कुठल्या पायरीची? उभं राहून काढलेला एक्स-रे सरकारी दवाखान्यातल्या हाडाच्या डॉक्टरला दाखवा.

तोवर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम रोज करायला लावा, वजन थोडं उतरू द्या. कंटाळवाणा सल्ला आहे, पण दुखणं कमी करण्यात याला भक्कम पुरावा आहे. आणि गुडघा पूर्णच गेला असेल, तर सांधा बदलायचं ऑपरेशन जुनं आणि खात्रीचं आहे. उसाचं बिल त्यासाठी राखून ठेवलं, तर मी समजू शकतो.

हा भाग घरातल्या मोठ्यांना स्पीकरवर ऐकवा. तुमच्या ग्रुपवर अशी जाहिरात आली असेल, तर तिच्याखाली हे चार प्रश्न टाका आणि उत्तर काय येतं ते मला कळवा. पुढच्या भागात भेटू. राम कृष्ण हरी!