कर्नल पिकार : एका लष्करी तपास-अधिकाऱ्याची कारकीर्द
(ज्युबिलीनिमित्त दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी एखाद्या संताचे चरित्र सोडून फ्रान्समधील एका लष्करी अधिकाऱ्याची हकीकत आम्ही का निवडली, असा प्रश्न कित्येकांच्या मनात येईल. हे गृहस्थ संत नव्हते. परंतु त्यांच्या हकीकतीत आपणां कॅथलिकांस झोंबणारा एक भाग आहे, आणि केवळ सणाचा दिवस म्हणून तो टाळणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

जॉर्ज पिकार ह्यांचा जन्म १८५४ साली स्ट्रासबुर्ग येथे झाला. सैनिकी विद्यालयातील शिक्षण, टोंकिनमधील नोकरी, पुढे युद्धविद्यालयात अध्यापन, अशा पायऱ्या चढत ते जुलै १८९५ मध्ये लष्कराच्या ‘सांख्यिकी विभागा’चे प्रमुख झाले. नाव निरुपद्रवी, काम मात्र परकीय हेर व स्वकीय फितूर हुडकून काढण्याचे.

त्यापूर्वी, डिसेंबर १८९४ मध्ये, कॅप्टन आल्फ्रेड द्रेफ्यूस ह्या यहुदी अधिकाऱ्यास फितुरीबद्दल जन्मठेप झाली होती. मुख्य पुरावा काय, तर जर्मन वकिलातीतून हाती आलेली एक निनावी चिठ्ठी. शिवाय आरोपीच्या नकळत काही गुप्त कागद न्यायाधीशांस दाखविण्यात आले. द्रेफ्यूस गयानाजवळच्या सैतानाच्या बेटावर गेले. खटल्याच्या वेळी पिकार युद्धखात्यातर्फे हजर होते, आणि आरोपी अपराधी आहे अशीच त्यांची समजूत होती. यहुद्यांविषयी त्यांचे मन काही निर्मळ नव्हते, हेही सांगितलेच पाहिजे.

मार्च १८९६ मध्ये वकिलातीतील केर काढणाऱ्या बाईने आणलेले कपटे जोडता जोडता एक न पाठविलेले पत्र तयार झाले. त्यावर मेजर एस्तरहाझी ह्याचे नाव होते. पिकार ह्यांस वाटले, हा दुसराच कोणी फितूर असावा. ऑगस्टमध्ये एस्तरहाझीने नोकरीसाठी लिहिलेली पत्रे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती १८९४ च्या चिठ्ठीच्या नकलेशेजारी ठेवली. हस्ताक्षर एकच! तेव्हा त्यांनी ते गुप्त कागद मागवून वाचले. द्रेफ्यूसविरुद्ध त्यांत काहीही नव्हते.

हे घेऊन ते वरिष्ठांकडे गेले. जनरल गोंझ ह्यांचे म्हणणे, दोन्ही प्रकरणे निरनिराळी ठेवावी. पिकार ह्यांनी पुढे साक्षीत सांगितल्याप्रमाणे, तो यहुदी बेटावर राहिला तर तुमचे काय जाते, असे जनरलसाहेबांनी विचारले. त्यावर हे गुपित आपण थडग्यात नेणार नाही, असे पिकार उत्तरले. आज्ञापालनावर ज्याची सारी बढती अवलंबून, त्या माणसाने हे बोलावे, हे आम्हांस तोफेसमोर उभे राहण्याहून कठीण वाटते.

नोव्हेंबरात त्यांस पॅरिसबाहेर काढले व पुढे ट्युनिसियात धाडले. इकडे त्यांचाच हाताखालचा मेजर आंरी ह्याने द्रेफ्यूसविरुद्ध एक खोटे पत्र बनविले. जून १८९७ मध्ये पिकार ह्यांनी सारी हकीकत एका वकील मित्रास सांगितली. जानेवारी १८९८ मध्ये एस्तरहाझी निर्दोष सुटला, आणि ज्या १३ तारखेस झोलाचे जाहीर पत्र छापून आले त्याच दिवशी पिकार अटकेत गेले. फेब्रुवारीत ते लष्करातून निघाले. जुलैपासून सुमारे अकरा महिने पुन्हा तुरुंग. दरम्यान ऑगस्टमध्ये दिव्याच्या उजेडात दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या ध्यानात आले, की आंरीच्या पत्राच्या तुकड्यांवरील रेघांचा रंगच जुळत नाही. आंरीने कबुली दिली व कोठडीत आत्महत्या केली.

आता तो झोंबणारा भाग. त्या काळी ‘ला क्रुआ’, म्हणजे ‘क्रूस’, ह्या नावाचे दैनिक असम्पशनिस्ट धर्मगुरू चालवीत. आपल्यासारख्याच भाविक घरांत ते वाचले जाई. त्याने यहुद्यांवर व द्रेफ्यूसच्या कैवाऱ्यांवर विखारी मजकुराचा वर्षाव केला. पॉल व्हियोले ह्या कॅथलिक इतिहासकाराने न्यायाच्या बाजूने कॅथलिकांची एक समिती १८९९ मध्ये काढली खरी, पण त्यांच्या बाजूला माणसे थोडी. त्या दैनिकाने क्षमा मागितली ती जानेवारी १९९८ मध्ये. मध्ये शंभर वर्षे गेली.

जुलै १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने द्रेफ्यूस ह्यांस निर्दोष ठरविले. ते मेजर झाले, पिकार ब्रिगेडियर जनरल, आणि ऑक्टोबरात चक्क युद्धमंत्री! ह्याच मंत्र्यांकडे द्रेफ्यूस ह्यांनी मागणे केले, की बंदिवासातील वर्षे ज्येष्ठतेत धरावी. पिकार ह्यांनी ते मानले नाही. द्रेफ्यूस १९०७ मध्ये निवृत्त झाले. घोड्यावरून पडून पिकार जानेवारी १९१४ मध्ये आमियाँ येथे वारले. द्रेफ्यूस १९३५ मध्ये. द्रेफ्यूस ह्यांस ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा मरणोत्तर द्यावा, असा ठराव फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीने २ जून २०२५ रोजी एकमताने संमत केला.