वरसईच्या भटजींची वही आणि आमच्या माळ्यावरचे कागद

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. आजवर मंडळात माझे काम म्हणजे हळदीकुंकवाची वाटली डाळ. पण कार्यवाहबाईंनी "तुम्ही शोधलेत ते सांगाच" असा आग्रह धरला, म्हणून उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात वाचनालयातून 'माझा प्रवास' हे पुस्तक आणले. लिहिणारे विष्णुभट गोडसे आपल्याच पेण तालुक्यातल्या वरसईचे. घरात ओढगस्त, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असे कानी आले आणि 1857 साली काका रामभट यांच्याबरोबर ते निघाले. महूपाशी पोचतात तो शिपायांच्या बंडाची वार्ता! यज्ञ राहिला बाजूलाच. पुढच्या वर्षी इंग्रजांनी झाशीला वेढा दिला तेव्हा भटजी शहरातच होते. शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली, जवळचा पैसाही गेला.

मला मात्र विसरता येत नाही तो विहिरीचा प्रसंग. झाशी सुटल्यावर काल्पीच्या बाजूला वाटेतल्या विहिरीपाशी राणी लक्ष्मीबाई त्यांना भेटल्या. अंगावर पठाणी वेष, सर्वांगी धूळ, तहानेने जीव कासावीस. भटजी पाणी काढू लागले, तर तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही काढू नका, म्हणून बाईंनी स्वतः दोर ओढला आणि ओंजळीने पाणी प्याल्या. ज्यांनी वाडीतल्या विहिरीवर पाणी ओढले आहे त्यांच्या हाताला तो दोर जाणवल्याशिवाय राहणार नाही.

अडीच-तीन वर्षांनी भटजी परतले ते गंगेची कावड घेऊन. पैसा नाहीच. तितके दिवस वरसईच्या घरी चूल कशी पेटली असेल, हा विचार माझ्या मनातून जाईना. पुरुष निघून गेला की मागे धान्याचे मोजमाप बाईच्या हाती येते.

पुढे चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून भटजींनी ही हकीकत मोडीत लिहून काढली. छापायला 1907 साल उजाडले. तोवर भटजी हयात नव्हते. वैद्यांनी मजकुरात फेरफार केले होते. मूळ मोडी वहीवरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली ती जशीच्या तशी छापली. म्हणजे इतकी वर्षे कोणीतरी ती वही जपली.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या सासरच्या माळ्यावर मोडी कागदांची पेटी होती. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "वाळवी लागलीय, काढ ती." कोणाला वाचता येत नव्हते. दिवाळीपर्यंत रोज सकाळी त्यांतले कागद घालून मीच बंब पेटवीत असे. मला तेव्हा काही वाटलेही नाही.

पुस्तक वाचून झाल्यावर माळ्यावर चढले. पेटीच्या तळाला चिकटलेले सहा कागद निघाले. मोडी जाणणारे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांच्याकडे दोनदा गेले. पाच कागद नारळ-सुपारीच्या हिशेबाचे. सहावा शके 1780 चा, म्हणजे 1858 सालचा. झाशी पडली तेच वर्ष! त्यात लिहिले होते की भात घेतले आणि त्यापोटी नथ गहाण ठेवली. सावकाराचे नाव आहे, आमच्या घरातल्या पुरुषाचे आहे. नथ जिची, तिच्याविषयी एवढेच, की 'घरातील'.

वंशावळीतही ती नाही. तिथे सगळे पुरुषच. गुरुजींनी कागद परत दिला तेव्हा मला रडू आले, आणि त्यांना वाटले मला नथेचे वाईट वाटले.

शेवटी यजमानांच्या आत्याबाईंकडे गेले. वय 88, नजर अधू, पण आठवण शाबूत. कागद वाचून दाखवला. नाव त्यांनाही सांगता येईना. जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "अगो, ती नथ माझ्या आजीच्या नाकात होती. तिला तिच्या सासूकडून आलेली. मधला मोती पिचलेला होता."

म्हणजे नथ सुटली होती.