बंद पडणाऱ्या यंत्राची चौकशी

२०२५ च्या मे महिन्यात नागपूरच्या एका घरी नवा संगणक उभा राहिला. तो तयार आणलेला नव्हता. मदरबोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड असे सुटे भाग निरनिराळ्या दुकानांतून गोळा करून घरच्या मुलाने तो जुळविला होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये ही विद्या पोरे दुकानात उभ्या उभ्या शिकतात. याने ती चित्रफिती पाहून आत्मसात केली. वडिलांनी ८० हजार रुपये दिले खरे, पण मनापासून नव्हे. तयार यंत्र घ्यावे, म्हणजे बिघडल्यास जाब एकाच दुकानदाराला विचारता येतो, असे त्यांचे म्हणणे. मुलगा वास्तुकलेचा विद्यार्थी; सत्राअखेरचा आराखडा सादर करावयास सोळा दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, इमारतीचे त्रिमितीय चित्र तयार होत असताना, यंत्र बंद पडले. पडद्यावर सूचना नाही, कुरकुर नाही. दिवा मालवावा तसे. टेबलाखाली कोठेतरी ‘खट्’ असा बारीक आवाज तेवढा झाला. बटण दाबताच ते निमूटपणे पुन्हा सुरू झाले. दोन तासांचे काम मात्र गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच.

‘बंद पडते’ या एका तक्रारीत अनेक व्याधी दडलेल्या असतात. म्हणून ते का बंद पडते हे विचारण्याआधी कसे बंद पडते हे पाहावे. यंत्र निळा पडदा दाखवून थबकत असेल, तर संशय रॅमच्या पट्ट्यांवर किंवा एखाद्या सदोष प्रणालीवर घ्यावा. रीतसर निरोप घेऊन बंद होत असेल, तर ती बहुधा कोणीतरी देऊन ठेवलेली आज्ञाच असते. पण एका क्षणात काळोख होत असेल, तर प्रश्न बहुतेक वेळा उष्णतेचा, नाहीतर विजेचा.

उष्णतेमुळे यंत्र बंद पडते, तेव्हा तो बिघाड म्हणण्यापेक्षा बचाव म्हणावा. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक क्रूर प्रयोग चित्रित केला. चालू संगणकांच्या प्रोसेसरवरून त्यांना थंड ठेवणारे धातूचे ठोकळे काढून घेण्यात आले. पेन्टियम ४ ने गती मंद करून काम चालू ठेवले. पेन्टियम ३ जागच्या जागी थांबला, पण वाचला. एएमडीचा ॲथलॉन मात्र जळून गेला. आजचे प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास प्रथम गती आवरतात, आणि तरीही ताप चढत राहिला तर यंत्राची वीज तोडावयास लावतात. म्हणून नव्या जुळणीत पंख्याची तार योग्य खुंट्यांवर आहे काय, पेस्ट लागली आहे काय, आणि ठोकळ्याच्या तळाशी असलेला, ‘काढून टाका’ असे स्वतःच बजावणारा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढला आहे काय, हे आधी पाहावे. तो तसाच ठेवणारे शहाणे थोडेथोडके नाहीत.

मुलाने पाहिले, पापुद्रा निघालेला होता. भर दुपारी, बाहेर ४४ अंश असताना, त्याने तेच चित्र सलग तीन तास चालविले. नागपूरच्या मे महिन्यात खोलीचा पारा जितका चढतो, जवळजवळ तितकाच प्रोसेसरचाही चढतो. तो ८६ अंशांवर जाऊन स्थिरावला आणि यंत्र चालत राहिले. दुपारी न दमणारे यंत्र संध्याकाळी का पडावे, हा प्रश्न त्याच वेळी विचारावयास हवा होता. तो कोणी विचारला नाही.

मग आतल्या विजेची पाळी आली. प्रोसेसरला स्वतंत्र वीज नेणारा आठ टोकांचा जोड अर्धवट बसला असेल, तर हलक्या कामात ते कळत नाही. भारी कामात यंत्र कोसळते. त्याने तो काढून पुन्हा बसविला. कॅबिनेटचे बटण आत अडकून राहिले, तर चार सेकंद दाबून धरल्यासारखे होऊन यंत्र बंद होते. म्हणून त्याने बटणाच्या तारा सोडवून, पेचकसाचे टोक मदरबोर्डवरील दोन खुंट्यांना क्षणभर टेकवून यंत्र सुरू केले. संध्याकाळी ते पडलेच. बटण निर्दोष सुटले. एसएमपीएसचे झाकण मात्र त्याने उघडले नाही, आणि कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरांत जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो.

विंडोजच्या नोंदवहीत प्रत्येक प्रसंगानंतर ४१ क्रमांकाची नोंद होती. ती वाचून अनेकांना वाटते की दोष सापडला. वस्तुतः यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती सांगते; इसम मरण पावला आहे, इतकेच लिहिलेला तो पंचनामा होय. त्यामुळे मुलाने, अनेक जण करतात तसे, संशयावरच निकाल दिला. एसएमपीएस ६५० वॅटचा, नवा. तरी तोच सदोष, असे ठरले. दुकानदार म्हणाला, आठ दिवस ठेवून जा. आठ दिवस हातात नव्हते. नवा आणावयाचा तर आणखी सात हजार. वडील काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणे मुलाला अधिक लागले.

त्या रात्री तक्रारीचे टिपण लिहिताना त्याने नोंदवहीतील ६००८ क्रमांकाच्या नोंदी उतरून घेतल्या. यंत्र अकस्मात बंद पडल्याची वेळ त्या देतात. पाच नोंदी होत्या आणि पाचही संध्याकाळी साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यानच्या. तो हे मोठ्याने वाचत असता पलीकडून आजी म्हणाल्या, “तुझं यंत्र पडलं की माझं कीर्तनही बंद पडतं रे. चांगली दोन-दोन मिनिटं.”

आजींचे कीर्तन मोबाइलवर, मोबाइल वायफायवर आणि वायफायचा राउटर टेबलाखालच्या यूपीएसवर. त्याच यूपीएसवर संगणकही होता. नव्या यंत्राला विजेचा धक्का बसू नये म्हणून वडिलांनीच सात वर्षांपूर्वीचा जुना यूपीएस आग्रहाने जोडून दिला होता.

साडेसहाच्या सुमारास इमारतीची मोटर वरच्या टाकीत पाणी चढवू लागे. मोटर सुरू होताना विजेचा दाब क्षणभर ढासळे. यूपीएस तत्परतेने भिंतीची वीज सोडून बॅटरीवर जाई. पण अशा बॅटऱ्या तीन-चार वर्षांत थकतात. ६०० व्हीएचा तो यूपीएस नवा असतानाही सुमारे ३६० वॅटच देणारा. जुन्या संगणकाचा हलका भार थकलेली बॅटरीसुद्धा क्षणभर पेलत असे. नवा संगणक चित्र काढताना तीनशेच्या वर वॅट मागे, आणि त्या ओझ्याखाली ती बसे. भिंतीची वीज लगेच पूर्ववत होऊन यूपीएस आपणहून सुरू होई, राउटर दोन मिनिटांत सावरे, आणि संगणक तेवढा गुन्हेगारासारखा काळा पडून राही.

खात्री करावयास मुलाने भिंतीवरील बटण बंद करून पाहिले. यंत्र रिकामे असता यूपीएसने ते धरून ठेवले. मग चित्र सुरू करून पुन्हा तेच केले, तो टेबलाखाली ‘खट्’. पुढे संगणक थेट भिंतीला जोडला. मोटर रोज सुरू होई आणि यंत्र ढिम्म हलत नसे. असे पुष्कळसे नवे एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब पत्करतात. मोटरचा तो क्षणिक झोका याला जाणवलाही नसावा.

आराखडा दोन दिवस आधीच सादर झाला. नंतर वडिलांनी स्वतः बाजारात जाऊन, वॅटचा हिशेब कागदावर मांडून, मोठा यूपीएस आणला. जुन्यात नवी बॅटरी घालून तो एकट्या राउटरला दिला आहे. आता घरची वीज गेली तरी आजींचे कीर्तन चालू असते.