गाडीची ओळख पटवताना



गाडी बिघडली की आपल्याकडचा मेकॅनिक पहिला प्रश्न विचारतो, "आवाज कुठून येतो?" आवाजावरून दुखणे ओळखणारे कान खान्देशात पिढ्यान्पिढ्या तयार झाले. मुंबई-आग्रा आणि सुरत-कोलकाता हे दोन मोठे महामार्ग धुळ्यात एकमेकांना भेटतात. तिथे ट्रक थांबले, ट्रकांमागे गॅरेजे आली आणि "पाना दे" म्हटल्याबरोबर नेमका हवा तोच पाना हातात ठेवणारी पोरे पुढे उस्ताद झाली. पण आज मी ज्या दुखण्याबद्दल बोलणार आहे, त्याला आवाजच नसतो.

माझी गाडी पंधरा वर्षांची. एमएच १९, म्हणजे आपल्या जळगावची. मागच्या एका पावसाळ्यात तिने विचित्र वागायला सुरुवात केली. उजवा इंडिकेटर द्यावा तर वायपर हलायचा. रात्री दारांची कुलुपे आपोआप खटखट करायची. आतला दिवा विझायचा नाही आणि सकाळी बॅटरी बसलेली असायची. शेजारच्या आजीबाईंनी तर विचारलेच, "भाऊ, गाडीले भूत लागनं का?"

हसून सोडून देता आले असते. पण पंधरा वर्षे पूर्ण झाली की खासगी गाडीची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते. त्यासाठी गाडी परिवहन कार्यालयात तपासणीला न्यावी लागते आणि तिथे दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न सगळे धड चालावे लागते. माझ्या गाडीचे इंजिन ठणठणीत होते, आणि चालत नव्हते ते नेमके हेच.

या सगळ्या गोष्टी एका डब्याच्या हुकमात असतात. त्याचे नाव 'बॉडी कंट्रोल मॉड्यूल'. डॅशबोर्डच्या खाली कुठेतरी बसवलेला, एखाद्या पुस्तकाएवढा. पूर्वी स्विचपासून दिव्यापर्यंत सरळ वायर जायची. स्विच दाबला की दिवा लागला. पुढे गाडीत उपकरणे वाढली आणि वायरींचे जंगल झाले. त्यावर उपाय म्हणून जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये काम सुरू केले आणि १९८६ मध्ये 'कॅन' नावाची पद्धत जगापुढे मांडली. एकमेकींत पिळलेल्या दोन वायरींवरून गाडीतले सगळे डबे एकमेकांशी बोलू लागले. आता तुम्ही इंडिकेटरची दांडी खाली करता तेव्हा दिवा लावत नाही, दिवा लावावा असा अर्ज करता. अर्ज डब्याकडे जातो, डबा तो वाचतो आणि मग दिव्याला हुकूम सोडतो. आणि कारकुनाची तब्येत बिघडली की कोणाच्या अर्जावर कोणता हुकूम निघेल याचा भरवसा राहत नाही.

एका सर्व्हिस सेंटरात सांगण्यात आले की मॉड्यूल गेले आहे, हे मॉडेल बंद झाले आहे, डबा मागवावा लागेल, येईलच असे नाही. त्यापेक्षा गाडी एक्स्चेंजमध्ये द्या. मी एक दिवस उघडीप बघून, वळणावर हात बाहेर काढत, एरंडोल-पारोळ्यावरून धुळे गाठले. तिथे माझ्या परिचयाचा एक वायरिंगवाला आहे. चाळिशीतला, मला चाचा म्हणतो.

त्याने आधी गाडीचे आरसी बुक मागितले. नाव आणि चेसिस नंबर ताडून पाहिला. मी जरा चमकलो तर म्हणाला, "चाचा, हे काम चोरालाही हवं असतं. कागद बघितल्याशिवाय मी डब्याला हात लावत नाही."

मग त्याने स्कॅनर बाजूलाच ठेवला आणि मीटर काढला. उभ्या गाडीत बॅटरी साडेबारा व्होल्टच्या थोडी वर हवी, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. ते ठीक निघाले. एकेक फ्यूज पाहिला. अर्थिंगच्या पट्ट्या सोडवून, घासून पुन्हा कसल्या, कारण अर्थिंग सैल असले तरी गाडी असेच चाळे करते. "डबा बदलायला आलेल्या पुष्कळ गाड्यांत डबा चांगलाच असतो," तो म्हणाला. "लोक घाबरून बदलतात."

शेवटी त्याने डॅशबोर्डखालचा कनेक्टर काढला. पिना हिरव्या पडल्या होत्या. पुढच्या काचेच्या खाली पावसाचे पाणी वाहून जायची वाट असते. ती कडुनिंबाच्या पानांनी तुंबली होती आणि पाणी आत झिरपून थेंबाथेंबाने डब्यावर पडत होते. डबा खरोखरच गेला होता.

त्याच मॉडेलच्या एका अपघातग्रस्त गाडीचा डबा त्याने पावतीनिशी मिळवला. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवला, कारण एका अक्षराच्या फरकाने मागचा वायपर असणारी गाडी आणि नसणारी गाडी वेगळी होते. बॅटरीची ऋण वायर काढली, थोडा वेळ थांबला आणि डबा बसवला. वायपर चालले, इंडिकेटर लागले. पण गाडी सुरू होईना.

चावीच्या डोक्यात एक छोटी चिप असते. तिचा सांकेतिक क्रमांक पुष्कळ गाड्यांत याच डब्याला पाठ असतो. नव्या डब्याला माझी चावी अनोळखी होती. कंपनी तीच, नंबर तोच, तरी ओळख नाही! मुसलमान असून मराठीत कविता कशी लिहिता, हा प्रश्न मला पन्नाशी उलटल्यावरही विचारला जातो, त्यामुळे ओळख पटवायला किती वेळ लागतो ते मी जाणतो. मी गुपचूप चहा घेत बसलो.

वायरिंगवाल्याने जुना डबा उघडला. पाण्याने बाकीची पाटी खाल्ली होती, पण आठवण साठवणारी चिप शाबूत होती. "जीव गेलेला नाही, चाचा. याददाश्त इकडून काढायची आणि तिकडे ठेवायची." तिच्यातला मजकूर वाचून त्याने नव्या डब्यात लिहिला. संध्याकाळी गाडी सुरू झाली. पुढच्या महिन्यात तपासणीत पासही झाली.

हे जमले, कारण त्या माणसाला ते शिकता आले. त्याच्या हाताखाली आयटीआय झालेला एक मुलगा आहे. स्कॅनरवर येणारे इंग्रजी संकेत आणि त्यांचे मराठीतले अर्थ त्याने एका वहीत उतरवून ठेवले आहेत. जुन्या उस्तादांकडे कान होते, या मुलाकडे वही आहे. पण वहीत काय लिहायचे तेच कंपनीने कुलूपबंद ठेवले तर?

हा प्रश्न आपल्या देशात विचारला गेला आहे. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड सुनावला आणि सुटे भाग व तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजेत असे बजावले. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण मुद्दा नोंदला गेला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये वाहनदुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले, त्यात वाहनेही आहेत.

कंपन्या म्हणतात, चावीचे संकेत उघडे केले तर चोरांचे फावेल. ही भीती खोटी नाही. पण त्यावरचा उपाय धुळ्याच्या त्या गॅरेजात मी पाहिला: आधी मालकाचा कागद, मग काम, आणि प्रत्येक भागाची पावती. कुलूप हवेच, फक्त त्याची किल्ली नोंदणीकृत कारागिरालाही मिळावी. नाहीतर चांगल्या इंजिनाच्या गाड्या भंगारात जातील आणि त्यांच्यामागोमाग ती वहीही जाईल.

तेव्हा श्रोतेहो, जुनी गाडी असेल तर पावसाळ्याआधी काचेखालची पाने काढा. जादा हॉर्न आणि दिव्यांसाठी मूळ वायरी कापू देऊ नका. कोणी "मॉड्यूल गेले" म्हणाले तर बॅटरी, फ्यूज आणि अर्थिंग पाहिले का, एवढे विचारा. आणि डबा बदललाच, तर जुना डबा तिथे टाकून येऊ नका. गाडीची आठवण त्यात असते.